बाटलीत फॉर्मेलिन किती?

गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला आमचा कलेक्शनचा मुलगा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पिशवी घेऊन आला. कळवणकडची बस. पिशवीत सहा बाटल्या, त्यातली एक खोकल्याच्या औषधाची, धुऊन वापरलेली, अरुंद तोंडाची. आत स्तनातली गाठ. ऑपरेशननंतर ताजी, मऊ असताना ती दाबून आत गेली असणार. फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावात, कडक झाल्यावर तिला बाहेर यायला वाटच नव्हती. मला बाटली कापावी लागली. फॉर्मेलिन गाठीच्या जेमतेम वर आलेलं. फॉर्मवर नाव, वय, 'लम्प लेफ्ट ब्रेस्ट' आणि तारीख. गाठ किती वाजता काढली ते नाही.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे तुकडे कापून बघायच्या, टेबलावर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ती मधोमध कापली. बाहेरचा भाग करडा आणि टणक, आणि आत आवळ्याएवढा भाग अजून गुलाबी, लिबलिबीत. म्हणजे फॉर्मेलिन तिथवर पोचलंच नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त मला वही पुढे करायला सांगितलं. त्या वहीबद्दल शेवटी लिहिते.

मी सोळा वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत, टेक्निशियन आहे, गंगापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये. डीएमएलटी झाल्यावर रक्त-लघवीच्या बाजूला जायचं होतं, जागा या बाजूला होती, आणि आता मला इथून कुणी हलवू नये असं वाटतं. तुकड्यातून पाणी काढायचं, त्यात मेण भरायचं, ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर ती रिबन अलगद सोडायची आणि सुरकुती न पडता स्लाइडवर उचलायची. नंतर मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि एका घराचं पुढचं वर्ष ठरतं.

आज मला लिहायचंय ते कॅन्सरच्या परिषदांबद्दल. २०२६ सालच्या मोठ्या परिषदांच्या तारखा लागल्यात आणि आम्हीही एका परिषदेला आमचं काम पाठवतोय. 'परिषद' म्हटलं की लोकांना वाटतं कोट घातलेली माणसं, पंचतारांकित हॉटेल, औषध कंपन्यांच्या पिशव्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण तिथे जे ठरतं ते फिरून माझ्या टेबलावरच येतं, हे मला एका विशिष्ट महिन्यात कळलं. जून २०२२.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये आम्ही हर-टू नावाचं एक प्रथिन तपासतो. आयएचसी, म्हणजे अँटिबॉडी लावून रंगवायची तपासणी, करून पेशीच्या कडेवर तपकिरी रंग किती चढला ते बघायचं आणि ०, १+, २+, ३+ असा गुण द्यायचा. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, तिला हर-टूवरचं औषध मिळणार. २+ असेल तर पुढची तपासणी. आणि ० असो की १+, दोन्ही निगेटिव्ह. त्यामुळे ० आणि १+ यांच्यात कुणी फार डोकं घालत नसे. रिपोर्ट सारखाच, उपचार सारखाच.

५ जून २०२२ ला शिकागोत 'ॲस्को' या अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक परिषदेत डॉ. शानू मोदी यांनी एका चाचणीचे निकाल मांडले. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध त्यांनी अशा बायकांना दिलं होतं ज्यांचा कॅन्सर शरीरात पसरलेला होता आणि ज्यांचा हर-टू आम्ही सगळे 'निगेटिव्ह' म्हणून सोडून देत होतो, म्हणजे १+, किंवा २+ येऊन पुढच्या तपासणीत निगेटिव्ह. ५५७ रुग्ण होते. नेहमीच्या केमोवर आजार सरासरी ५.१ महिने रोखला जात होता, या औषधावर ९.९ महिने. सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. त्याचा व्हिडिओ मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी मोबाइलवर दाखवला आणि म्हणाल्या, "आजपासून शून्य आणि एक वेगळे. तुझा रंग फिका पडला तर एका बाईचं औषध जाईल."

मी तेव्हा हो म्हटलं. रात्री झोप लागली नाही. कारण रंग फिका पडण्याची कारणं मला पाठ आहेत. अँटिबॉडी जुनी, बफरचा पीएच चुकला, आणि सगळ्यात आधी म्हणजे तुकडा नीट फिक्स झालेला नसणं. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. ते आत शिरतं तासाला साधारण एक मिलिमीटर, म्हणून मोठी गाठ न कापता तशीच बुडवली तर कड पक्की होते आणि मध्य सडायला लागतो. पावासारखे काप देऊन मगच ती फॉर्मेलिनमध्ये जायला हवी. शरीरातून काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये, आणि त्यात किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर: हे स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी ॲस्को आणि अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेनं मिळून घालून दिलेले नियम. ज्या संघटनेच्या व्यासपीठावर ते औषध आलं, तिनेच बाटलीचाही नियम केलाय. आणि माझ्याकडे येते खोकल्याच्या औषधाची बाटली, वेळ न लिहिलेली. सहा तास झाले की साठ, मी कशावरून ठरवू?

सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगाव, येवला. सगळीकडून माल येतो. तिथला सर्जन सकाळी दहा वाजता गाठ काढतो, सिस्टर जी हाताला लागेल त्या बाटलीत टाकते, नातेवाईक किंवा वॉर्डबॉय संध्याकाळच्या गाडीला देतो. शनिवारी काढली तर सोमवार उजाडतो. मी कुणाला दोष देत नाही. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही, आणि आम्हीही सोळा वर्षं बाटली कापून गप्प बसलो.

आता दुसरी गोष्ट, घरातली.

माझी मावशी निफाडजवळच्या एका खेड्यात राहायची. द्राक्षाच्या बागेत मजुरी. लहानपणापासून मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि दिवसातून चार वेळा हिरड्यांना घासायची. तिच्या घरातल्या सगळ्या बायका घासायच्या. त्याला व्यसन म्हणत नसत, दात घासणं म्हणत. २०१७ च्या पावसाळ्यात तिच्या जिभेच्या कडेला फोड आला आणि बरा होईना. तिचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. ब्लॉक मी कापला, नाव माहीत असून. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

पंचवटी एक्सप्रेसने सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडवरून बसायचं, दादरला उतरायचं, टॅक्सीनं परळला टाटात. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्यांना ही वाट सांगावी लागत नाही. त्या गाडीत फाइल मांडीवर धरून बसलेली माणसं ओळखू येतात. रात्री राहायला दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा.

सर्जननं सांगितलं की जिभेचा भाग काढताना मानेतल्या लसीका ग्रंथीही काढणार. मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, "मानेत गाठ नाय म्हणतो ना, मग मान कशाला कापतो गं? इचार त्याला." मी विचारलं. तो तरुण डॉक्टर होता, घाईत होता, तरी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, यावर जगभर पन्नास वर्षं वाद होता. मानेत काही लागत नसेल तर आधीच काढायच्या की वाट बघायची आणि उगवल्या तर काढायच्या? आमच्या इथेच, टाटात, डॉ. अनिल डिक्रूझ यांनी रुग्णांचे दोन गट करून बघितलं. पाचशे रुग्णांचा हिशोब झाला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१५ मध्ये हे शिकागोत ॲस्कोच्या मुख्य सत्रात मांडलं गेलं आणि वाद मिटला.

मावशीला टक्के कळले नाहीत. पण "आमच्या इथंच बघितलं" एवढं कळलं. ती म्हणाली, "मंग काप." ग्रंथी काढल्या, आणि त्यातल्या एकीत सूक्ष्म प्रमाणात कॅन्सर निघाला, हाताला अजून न लागणारा. मावशी आणखी सात वर्षं जगली. नातीचं लग्न बघितलं. गेली ती हृदयविकारानं.

त्या पाचशे रुग्णांत कोण होतं? बहुतेक तंबाखू खाणारी, मावशीसारखीच गाडीनं आलेली माणसं. त्यांनी सही केली, वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली, म्हणून शिकागोच्या व्यासपीठावर आकडा उभा राहिला आणि म्हणून निफाडच्या बाईला उत्तर मिळालं. परिषद या शब्दाकडं मी तेव्हापासून असं बघते.

असं एकदाच झालं असंही नाही. २०१३ च्या ॲस्कोत टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास मांडला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली, चार टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगर, लावून. पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या अभ्यासात ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्यांच्याबद्दल नंतर प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जाणं मला योग्यच वाटतं; तेही परिषदांचंच काम आहे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला, युरोपीय 'एस्मो'च्या परिषदेत, डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितलं की स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्या भोवती लिडोकेन टोचलं तर पाच वर्षांनी ९०.१ टक्के बायका जिवंत राहतात, न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के. सोळाशे बायका, देशातली अकरा रुग्णालयं. लिडोकेन म्हणजे दातांचे डॉक्टर बधिर करायला देतात तेच. खर्च शंभर रुपयांच्या आत. नवं औषध नाही, कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे त्याची जाहिरात करायला कुणी येणार नाही. हे आपणच एकमेकांना सांगायचं.

परिषदेच्या बातम्या आपल्यापर्यंत पोचतात त्या मात्र बहुतेक वेळा मोडक्यातोडक्या. त्याच जून २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरत होतं, 'कॅन्सरवर औषध सापडलं, शंभर टक्के रुग्ण बरे.' सिडकोत आमच्या खालच्या मजल्यावरचे काका प्रिंट काढून घेऊन आले. त्यांच्या मोठ्या भावाला गुदाशयाचा कॅन्सर होता. बातमी खोटी नव्हती. डोस्टारलिमॅब नावाचं औषध, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये बारा रुग्णांना दिलं, बाराही जणांची गाठ ऑपरेशन आणि रेडिएशनशिवाय दिसेनाशी झाली. पण ते बारा जण एका खास प्रकारातले होते. पेशी विभागताना डीएनएत चुका होतात, त्या दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांच्या गाठीत बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच ते दहा.

मी काकांना फॉरवर्ड खोटा आहे असं सांगितलं नाही, आणि आशाही लावली नाही. म्हटलं, हे आपल्याला तपासता येतं. दुरुस्ती यंत्रणेतली चार प्रथिनं असतात, चार स्लाइड लागतात. ब्लॉक मागवला, चारही लावल्या. चारही स्लाइडवर गाठीच्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी, म्हणजे यंत्रणा शाबूत, म्हणजे ते औषध त्यांच्या कामाचं नाही. काका दोन मिनिटं बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं. नाहीतर शेत विकायला काढलं होतं." त्यांच्या भावाची नेहमीची केमो आणि रेडिएशन झाली, ऑपरेशनही झालं.

पुढं एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच गटानं 'एएसीआर' या अमेरिकेतल्या संघटनेच्या परिषदेत डोस्टारलिमॅबचा वाढवलेला अभ्यास मांडला. आता गुदाशयाचे ४९ रुग्ण पूर्ण झाले होते आणि ४९ पैकी ४९ जणांची गाठ गेली होती. बाराची गोष्ट तीन वर्षांनी एकोणपन्नासवर टिकली. असं टिकून दाखवणं फार कमी कामांच्या नशिबी येतं. परिषदेतली बरीचशी कामं पुढच्या वर्षी पुन्हा दिसत नाहीत, हेही बातमी वाचताना लक्षात ठेवावं. बातमी वाचली की मी आता तीन गोष्टी शोधते: रुग्ण किती, तुलनेला दुसरा गट होता का, आणि आयुष्य वाढलं की फक्त गाठ काही महिने वाढायची थांबली. आयुष्य वाढणं आणि गाठ थांबणं या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत आणि बातम्यांत त्या हमखास एक होतात.

तर आता या वर्षाचं.

एएसीआर, म्हणजे अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च, ही १९०७ पासूनची संघटना. अकरा जणांनी सुरू केली होती, आज वार्षिक परिषदेला वीस हजारांवर लोक येतात. पेशी, जनुकं, उंदीर, नवी रेणुरसायनं, असं प्रयोगशाळेतलं काम जास्त. या वर्षी १७ ते २२ एप्रिल, सॅन डिएगो. नेहमीचे गोषवारे, म्हणजे आपलं काम मांडण्यासाठी पाठवायचे सारांश, आदल्या नोव्हेंबरच्या सुमारासच बंद होतात, त्यामुळे बायोटेक्नॉलॉजीच्या ज्या मुलांना हे एप्रिलमध्ये कळतं ती एक वर्ष हुकतात. ॲस्को ही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची, १९६४ पासूनची. २९ मे ते २ जून, शिकागो. तिथे गोषवारे जानेवारीच्या अखेरीला मिटतात. एस्मो २३ ते २७ ऑक्टोबर, माद्रिद. गोषवारे साधारण मे महिन्यात. फक्त स्तनाच्या कॅन्सरची परिषद अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओला, दर डिसेंबरात, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. आणि जवळचं हवं असेल तर डिसेंबरमध्ये सिंगापूरला एस्मो-एशिया असते.

खर्च ऐकून छाती दडपते, खरं आहे. पण विद्यार्थ्यांना मी हात जोडून सांगते की आधी नियम वाचा आणि मग घाबरा. भारतासारख्या देशांतल्या लोकांना नोंदणीत सवलत असते, तरुणांसाठी प्रवासवृत्ती असते. ॲस्कोची 'आयडिया' नावाची वृत्ती विकसनशील देशांतल्या तरुण कॅन्सरतज्ज्ञांसाठीच आहे. केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडं, म्हणजे आधीच्या सर्बकडं, तसंच आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्राच्याच संस्थांकडं परदेशी परिषदेत स्वतःचं काम मांडायला जाणाऱ्यांसाठी प्रवासाचं साह्य आहे. अर्ज प्रवासाच्या बरेच आठवडे आधी करावा लागतो, आणि 'तुमचा गोषवारा स्वीकारला' हे पत्र जोडावं लागतं. म्हणून सगळ्याची सुरुवात गोषवाऱ्यापासून.

जायचंच असं नाही. ॲस्कोचे गोषवारे परिषदेच्या आधी, मे महिन्यात, सगळ्यांसाठी फुकट खुले होतात. मी आणि मॅडम गेली तीन वर्षं मेच्या शेवटच्या शनिवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर बसतो, चहा आणि भडंग घेऊन, आणि 'ओरल कॅव्हिटी', 'ब्रेस्ट', 'इंडिया' हे शब्द टाकून वाचत जातो. पुढं जून-जुलैत 'बेस्ट ऑफ ॲस्को' आपल्याकडंही होतं, त्यात निवडक कामांवर इथले डॉक्टर बोलतात. आणि माझ्या मते नाशिकच्या माणसानं सगळ्यात आधी जावं ते टाटाच्या 'एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंट' परिषदेला. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर असते, टाटाचा स्थापना दिवस २८ फेब्रुवारी आहे त्याच्या आसपास. सकाळच्या पंचवटीनं जाऊन रात्री परत येता येतं. तिथं बोलणारा डॉक्टर आपल्याच रुग्णांबद्दल बोलत असतो.

एक इशारा, आणि तो माझ्या अनुभवातला. काही वर्षांपूर्वी मला ई-मेल आली, 'मान्यवर संशोधक' म्हणून. आंतरराष्ट्रीय कॅन्सर परिषद, दुसऱ्या राज्यात, वक्त्यांच्या यादीत मोठी परदेशी नावं. मी आनंदानं दोन पानं लिहून पाठवली, दुसऱ्याच दिवशी 'स्वीकारले' आलं. साडेआठ हजार भरले, माझा महिन्याचा निम्मा पगार तेव्हाचा. रजा टाकून गेले. हॉटेलच्या एका हॉलमध्ये कॅन्सर, दंतवैद्यक आणि शेती अशा तीन परिषदा एकत्र चालल्या होत्या. मला बोलायला दिलेल्या बारा मिनिटांची चार मिनिटं झाली. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. यादीतलं एकही परदेशी नाव आलं नव्हतं. परतीच्या गाडीत प्रमाणपत्र पिशवीतून बाहेर काढावंसं वाटलं नाही. नंतर वाचलं की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं हैदराबादच्या एका कंपनीवर अशाच कारभाराबद्दल २०१६ मध्ये खटला भरला होता, आणि मार्च २०१९ मध्ये कोर्टानं तिला पाच कोटी डॉलरवर रक्कम भरायला सांगितली. मोठ्या शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या संमतीशिवाय छापणं हाही त्यातला एक आरोप होता.

तेव्हा आमंत्रण आलं की आधी बघा, भरवतंय कोण. सभासद असलेली संघटना किंवा संस्था आहे, की नुसती वेबसाइट? मागच्या वर्षीचे गोषवारे कुठल्या नियतकालिकात छापले? भारतातली असेल तर मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट आहेत का? एका दिवसात स्वीकारलं असेल तर ते वाचलेलंच नाही. आणि यादीतल्या एखाद्या भारतीय डॉक्टरला सरळ ई-मेल करून विचारा, तुम्ही जाताय का. मोठी माणसं उत्तर देतात, मला दिलं आहे.

आता ती वही.

शंभर पानी, उभ्या रेषा मीच आखल्या. रकाने असे: गाव, बाटली कशी, फॉर्मेलिन गाठीच्या किती पट, काढल्याची वेळ, गाडीची वेळ, आम्ही कापल्याची वेळ, मध्य फिक्स झालाय की कच्चा, आणि शेवटी इस्ट्रोजेन रिसेप्टर (स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासायचं आणखी एक प्रथिन) आणि हर-टूचा गुण. जून २०२२ च्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सुरू केली. मॅडमला वाटलं चार दिवस लिहीन. आता तिसरी वही चालू आहे.

गेल्या दिवाळीत मॅडम म्हणाल्या, हे आपण मांडायचं. राज्यातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या परिषदेत, पोस्टर म्हणून. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, खाजगी लॅबकडं ती कुठून असणार, म्हणून एका मेडिकल कॉलेजच्या कमिटीपुढं गेलो. रुग्णांची नावं काढून नुसते नंबर ठेवले. त्यात दोन महिने गेले. कॉलेजच्या आवारातून बाहेर पडताना वाटलं, राज्यभरातल्या मेडिकल कॉलेजांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे, दिंडोरी रोडवर. कळवणची बस त्याच रस्त्यानं येते. विद्यापीठाच्या फाटकासमोरून ती खोकल्याची बाटली रोज जाते.

गोषवारा लिहायला अडीचशे शब्द. माझा पहिला मसुदा 'स्तनाचा कॅन्सर हा स्त्रियांमधील सर्वाधिक आढळणारा' इथून सुरू झाला. मॅडमनी ते वाक्य पेन्सिलनं खोडलं. "हे वाचणाऱ्याला माहीत आहे. त्याला माहीत नाही ते तुझ्या वहीत आहे. तिथून सुरू कर." दुसरा मसुदा बाटलीपासून सुरू झाला. सात वेळा लिहिला. आकडे इथं देत नाही, कारण परिषदेत मांडण्याआधी ते बाहेर द्यायचे नसतात, हा नियम मोठ्या परिषदांना आहे आणि आम्हीही तो पाळतोय. मुदतीच्या आदल्या रात्री अकरा चाळीसला मॅडमच्या घरी बसून अपलोड केला. लेखकांच्या रकान्यात मॅडमनी माझं नाव पहिलं घातलं. मी म्हटलं, मॅडम, तुमचं आधी हवं. त्या म्हणाल्या, "बाटल्या कोण कापत होतं?"

उत्तर यायला सहा आठवडे लागतील. पोस्टर निघालं तर निघालं, नाही निघालं तर पुढच्या वर्षी पुन्हा.

तोवर थांबण्यासारखं नाही. या रविवारी मी आणि कलेक्शनचा मुलगा कळवणला चाललोय, मग सुरगाणा. मॅडमनी पन्नास रुंद तोंडाच्या बाटल्या आणल्यात, पाव लिटरच्या आणि लिटरच्या. प्रत्येकीवर मी मार्करनं दोन रेघा मारल्यात, खालची तुकड्याची, वरची फॉर्मेलिनची, आणि लेबलवर मराठीत एक रिकामी ओळ छापून घेतलीय: 'काढल्याची वेळ, घड्याळ बघून'. तिथल्या सिस्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी विचारलं, काप कसे द्यायचे ते दाखवाल का. सोबत एक सुरी आणि दोन बटाटे घेतलेत, कापून दाखवायला.

तालुक्याच्या दवाखान्यात काम करणारं कुणी हे वाचत असेल आणि तुमच्याकडून आमच्या बाजूला बाटल्या येत असतील, तर खाली गावाचं नाव लिहा. बाटल्या उरल्यात.